सूर्यास्त, सेवाज्येष्ठतेनुसार

निवृत्त माणसाच्या घरात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि किस्से. पट्ट्या बायको टाकून देते. किस्से टाकणं तिला जमत नाही, कारण ते मी घरात ठेवतच नाही. वारज्याच्या टेकडीखाली एक बाक आहे, तिथे ठेवतो. एकाच कचेरीतून निवृत्त झालेले आम्ही चार कारकून रोज संध्याकाळी त्या बाकावर बसतो. रोज एक किस्सा जुना होतो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. बहुतेक वेळा तोच येतो, थोडा सुधारून!

हल्ली मात्र तिथे क्वाड बाईकचेच किस्से निघतात. ज्यांनी हे वाहन पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मोटरसायकलला चार जाडजूड चाकं लावली आणि तिची अक्कल काढून घेतली की क्वाड बाईक होते. तिच्यावर बसायचं, पुढे एक गाईड असतो त्याच्या मागोमाग डोंगरातल्या खोऱ्यांतून हिंडायचं आणि शेवटी एखाद्या पठारावरून सूर्यास्त बघायचा, असा तो प्रकार. तरुण मुलं हौसेने करतात. आम्ही कसा केला ते सांगतो.

पण त्याआधी चहाचं सांगायला हवं.

*

आमच्या कचेरीत सगळं सेवाज्येष्ठतेने चालायचं. पंखा कोणाच्या डोक्यावर, खिडकी कोणाच्या बाजूला, दिवाळीची रजा आधी कोणाला, सगळं. परांजपे हेडक्लार्क, म्हणजे पहिले. मी, साठे, दुसरा. मुजावर तिसरा आणि लोंढे चौथा.

मुजावर आणि लोंढे खरं तर एकाच दिवशी नोकरीला लागले. मुजावर कॅम्पातला, तो चालत आला आणि सकाळीच रुजू झाला. लोंढे मांजरी गावचा. त्या दिवशी त्याची बस रेडिएटर तापून हडपसरला बंद पडली, म्हणून तो जेवणाच्या सुट्टीनंतर पोचला. तेवढ्यावर तो मुजावरपेक्षा कनिष्ठ ठरला, तो निवृत्त होईपर्यंत.

मुजावर अजून म्हणतो, "लोक नशिबाला दोष देतात. लोंढ्याचं बरंय, त्याला रेडिएटरला देता येतो!"

चहाची किटली परांजप्यांच्या टेबलापासून निघायची आणि दाराजवळ बसणाऱ्या लोंढ्याकडे सगळ्यात शेवटी पोचायची. तोपर्यंत तिच्यात बहुधा गाळ उरलेला असायचा. एकदा नवा चहावाला आला. तो बिचारा दारातून आत शिरला आणि जवळचा माणूस म्हणून पहिला कप लोंढ्यापुढे ठेवला. परांजप्यांनी चष्म्यावरून पाहिलं. लोंढ्याने तो कप तसाच उचलून परत चहावाल्याच्या हातात दिला.

"आधी तिघांचं होऊ दे," तो म्हणाला.

पुढे ते त्याचं वाक्यच झालं. वर्तमानपत्र आलं, आधी तिघांचं होऊ दे. कोणी पेढे आणले, आधी तिघांचं होऊ दे. बढतीच्या वेळीही तो हेच म्हणाला. तिघांचं झालं आणि खात्याने बढत्या बंद केल्या!

*

निवृत्तीनंतर माणूस मोकळा होतो म्हणतात. आम्ही बाकावरही त्याच क्रमाने बसतो. झाडाची सावली पडते त्या टोकाला परांजपे, मग मी, मग मुजावर, आणि जिथे बाकाची एक फळी तुटलेली आहे तिथे लोंढे.

एकदा एक अनोळखी गृहस्थ येऊन माझ्या आणि मुजावरच्या मध्ये बसले. परांजप्यांनी वाकून त्यांना विचारलं, "आपण नोकरीला कोणत्या साली लागलात?"

गृहस्थ उठून गेले. त्यानंतर ते समोरच्या फुटपाथवरून फिरायला जातात.

*

लोंढ्याच्या डोळ्यांचं आम्हाला शेंगदाण्यांमुळे कळलं.

मुजावरने पुडी फिरवली. पुडी बाजूने लोंढ्याकडे आली, पण तो हात पुढे करेना. मुजावर म्हणाला, "अरे घे की, तिघांचं झालं!" तेव्हा लोंढ्याने पूर्ण मान वळवली आणि मग त्याला पुडी सापडली.

"कडेचं दिसत नाही रे हल्ली," तो म्हणाला. "काचबिंदू आहे. नळीतून बघितल्यासारखं दिसतं. औषधाने वेग कमी होतो, पण गेलेलं परत येत नाही. डॉक्टर म्हणाले, हे कडेकडेने जातं. मी म्हटलं, जाणारच. कडेला कायम मीच असतो."

आम्ही हसलो. असल्या वेळी दुसरं काय करायचं ते आम्हाला कोणी शिकवलेलं नाही.

स्कूटर त्याने त्याच आठवड्यात विकून टाकली होती. थोड्या वेळाने तो आपणहून म्हणाला, "दिसतंय तोवर एकदाच एक गोष्ट बघायची आहे. काही विशेष नाही. समोर कोणी नसलेलं असं काहीतरी. मोकळं."

परांजपे लगेच म्हणाले, "त्यात काय! पहाटे पर्वतीवर जा. अख्खं पुणं समोर मोकळं."

"गेलो होतो साहेब. पुढे तुम्हीच उभे होतात."

*

मुजावरची मुलगी सना हडपसरला आयटीत आहे. मुजावरच्या वाढदिवसाला तिने शर्ट वगैरे न देता आम्हा चौघांचं क्वाड बाईकच्या सनसेट टूरचं बुकिंग करून टाकलं.

"आमच्या ऑफिसातले सगळे जाऊन आलेत, काका," ती मला म्हणाली. "मस्त आहे! मुळशीच्या बाजूला एकदम शांत व्हॅली आहे. स्लो चालवायचं. आणि हो, बुकिंग कॅन्सल होत नाही."

शेवटचं वाक्य ऐकल्यावर परांजप्यांचा विरोध मावळला. त्यांनी टूरवाल्यांना फोन लावला आणि मोबाईल स्पीकरवर ठेवला, म्हणजे आम्ही साक्षीदार.

"आकाश ढगाळ असल्यास सूर्यास्ताची पर्यायी व्यवस्था काय?"

पलीकडची मुलगी गडबडली. "सर, नेक्स्ट डे पण सूर्यास्त असतोच."

"त्याची जबाबदारी कोण घेणार?"

फोन ठेवला गेला. घरी माझ्या बायकोची प्रतिक्रिया वेगळी होती. तिने चाकं किती ते विचारलं. चार म्हटल्यावर म्हणाली, "मग पडणार नाही तुम्ही. फक्त वळण आलं की वळा. तिथे चर्चा करत बसू नका."

लोंढ्याने मात्र काहीच विचारलं नाही. बाकावरून उठताना तो मुजावरला एवढंच म्हणाला, "तिथे डोंगर मोठे असतील, नाही?"

*

परांजपे आयुष्यात कुठेही वेळेवर पोचलेले नाहीत. ते नेहमी वेळेआधी पोचतात. चांदणी चौकात ट्रॅफिक लागेल, भूगावात लागेल, पिरंगुटला लागेल, असा हिशेब करून त्यांनी आम्हाला भर दुपारी घराबाहेर काढलं. आणि कधी नव्हे ते त्या दिवशी कुठेच ट्रॅफिक लागलं नाही!

गाडी भाड्याची, ड्रायव्हरसकट. तिच्यात बसण्याचा क्रम सांगायला नको. मागच्या सीटवर मधोमध, जिथे पाय ठेवायला जागा नसते, तिथे लोंढे.

आम्ही पोचलो तेव्हा टूरवाल्यांच्या शेडमध्ये आमची गाईड जेवत होती. सुवर्णाताई. जवळच्याच वाडीतल्या, चाळिशीच्या, पायात बूट आणि डोक्याला रुमाल. घास हातात धरूनच त्यांनी आमच्याकडे पाहिलं.

"अवो काका, सनसेट टूर हाय ती. सूर्य अजून डोक्यावर हाय!"

परांजपे खुर्ची ओढून बसले. "हरकत नाही. आम्ही थांबतो. तुम्ही त्याला सावकाश आणा."

*

उन्हं कलल्यावर सुवर्णाताईंनी आम्हाला हेल्मेट आणि गॉगल दिले, प्रत्येकाच्या हातात किल्ली दिली आणि नियम सांगितले.

"एका रांगेत चालायचं. ओव्हरटेक करायचा न्हाय. आन् तुमच्यात जो सगळ्यात कच्चा असंल त्यो लगेच माझ्या मागं. म्हंजे माझं ध्यान ऱ्हातं त्याच्यावर. पक्का माणूस शेवटाला."

असा नियम आम्ही उभ्या नोकरीत ऐकला नव्हता. परांजप्यांचा तर चेहरा बघण्यासारखा झाला. पहिलं जायचं तर कच्चं ठरायचं. पक्कं ठरायचं तर शेवटी जायचं, म्हणजे लोंढ्याच्या जागी!

त्यांनी घसा साफ केला. "ताई, कच्चा हा शब्द न वापरता पहिला क्रमांक देता येणार नाही का?"

"मग काय म्हनू?"

"वरिष्ठ म्हणा."

"बरं. तुमच्यात सगळ्यात वरिष्ठ कच्चा कोन हाय?"

मुजावर हेल्मेटमध्ये तोंड घालून हसला. पण मी लोंढ्याकडे बघत होतो. त्याचं तोंड उघडलं होतं. पुढची जागा, जिथून खोरं मोकळं दिसतं ती, कच्च्या माणसाची होती, आणि खरं म्हणजे आमच्यात तोच सगळ्यात कच्चा होता. नुसतं सांगायचा अवकाश.

"सांग की," मुजावर त्याच्या कानाशी म्हणाला.

"डोळ्यांचं सांगितलं तर किल्ली काढून घेतील रे."

"मग डोळ्यांचं सांगू नकोस. नुसतं कच्चा म्हण."

लोंढे काय म्हणणार होता ते कळलंच नाही. तेवढ्यात परांजप्यांनी आपली गाडी घरघरत नेऊन सुवर्णाताईंच्या मागे उभी केली होती. माझी गाडी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. मी नेली असं म्हणवत नाही, ती गेली. मुजावरचीही गेली. त्याच्या मागे एक जागा उरली.

लोंढ्याने किल्ली फिरवली. "जाऊ दे. आधी तिघांचं होऊ दे."

सुवर्णाताईंनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. "ह्ये काका पक्के दिसत्यात," त्या म्हणाल्या.

*

परांजप्यांनी ज्या वेगाने गाडी चालवली त्या वेगाने आमच्या खात्यात कामं व्हायची.

प्रत्येक वळणावर ते हात बाहेर काढून इशारा द्यायचे. बघायला मागे आम्ही तिघे आणि शेतात दोन-चार बगळे. एका ओढ्यापाशी म्हशींचा कळप आडवा आला, तर त्यांनी इंजिनच बंद केलं.

"हॉर्न द्या, सरकत्यात त्या!" सुवर्णाताई ओरडल्या.

"नको. आधी त्यांना जाऊ द्या. त्या इथे आपल्यापेक्षा जुन्या आहेत!"

मी दुसरा होतो, त्यामुळे मला बऱ्यापैकी दिसत होतं. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये भाताची खाचरं, लांब धरणाच्या पाण्याची पट्टी, आणि सगळ्यावर ते पिवळं ऊन. इतकी वर्षं पुण्यात राहून हे तासाभराच्या अंतरावर आहे हे ठाऊक नव्हतं. मागे वळून पाहिलं तर मुजावर धुळीत अर्धा बुडालेला. त्याच्या मागे नुसती धूळ. त्या धुळीतून इंजिनाचा आवाज येत होता, म्हणजे लोंढे होता.

चढ लागल्यावर सुवर्णाताई कळवळून म्हणाल्या, "काका, हाणा की जरा! सूर्य चालला!"

"त्याला त्याच्या वेळेने जाऊ द्या," परांजपे म्हणाले. "आपण आपल्या वेळेने येऊ."

तसंच झालं. आम्ही पठारावर पोचलो तेव्हा सूर्य गेलेला होता. लग्न आटोपल्यावर नुसता मांडव उरावा तसं ते आभाळ उरलं होतं.

परांजपे कमरेवर हात ठेवून पश्चिमेकडे बघत राहिले. "छान झाला," ते म्हणाले.

"काय छान झाला साहेब? पाहिला कोणी?" मी विचारलं.

"झाला हे तर नक्की ना?"

लोंढ्याने गॉगल काढला. सगळा चेहरा मातीचा आणि डोळ्यांभोवती तेवढी दोन स्वच्छ वर्तुळं.

"तुला काय दिसलं रे?" मुजावरने विचारलं.

"तुझा शर्ट. मागून उसवलाय."

आम्ही पोट धरून हसलो. लोंढेही हसला. घरी जाऊन मुजावरने शर्ट काढून पाहिला, तर खरंच उसवलेला होता.

परत येताना चांदणी चौकात मात्र भरपूर ट्रॅफिक लागलं. मधल्या सीटवरून लोंढ्याने हळूच विचारलं, "साठे, खोरं चांगलं असेल, नाही रे?"

*

पुन्हा जायचं, लवकरच जायचं आणि लोंढ्याला पुढे ठेवायचं, असं दुसऱ्याच दिवशी बाकावर एकमताने ठरलं. एकमत ही आमच्याकडची फार जुनी पद्धत. एखादी गोष्ट होऊ द्यायची नसेल तर तिच्यावर आधी एकमत करतात.

परांजप्यांचा गुडघा धरला. मग माझ्या मुलाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत निघाली. मग मुजावरचे रोजे. मग ऊन फार होतं. मग पाऊस लागला आणि खोऱ्यातला रस्ता बंद झाला. मग गणपती, मग पितृपंधरवडा, त्यात असलं काही करू नये. मग दिवाळीला परांजप्यांची मुलगी यायची होती, ती आली, आणि गेल्यावर त्यांना करमेना. दर वेळी कोणीतरी समजूतदारपणे म्हणायचं, "लोंढ्यासाठीच जायचंय ना, मग घाई कशाला? सगळ्यांच्या सोयीने जाऊ."

लोंढ्याला कुठलाच दिवस गैरसोयीचा नव्हता. म्हणून त्याला कोणी विचारलंही नाही.

या काळात त्याची नळी बारीक होत गेली. मी बाकाजवळ गेलो की तो म्हणायचा, "कोण, साठे? थांब, तुला शोधतो." मग मान हळूहळू इकडून तिकडे न्यायचा, अंधारात टॉर्चने किल्ली शोधावी तशी, आणि मी सापडलो की खूश व्हायचा. "एका वेळी एकच तोंड मावतं," तो म्हणाला. "तुला बघायचं तर हे दोघं जातात. नुसतं बोलणं ऐकू येतं, रेडिओसारखं."

"साहेबांच्या बाबतीत बरंच झालं की!" मुजावर म्हणाला.

परांजपेही हसले. त्यांना स्वतःवरच्या विनोदाला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. लोंढ्याने मान फिरवत त्यांना शोधलं, पण सापडेपर्यंत त्यांचं हसणं संपलं होतं.

"साहेब," तो म्हणाला, "आता फार लांबवू नका. उद्या नळीत सूर्य मावला नाही तर काय करायचं?"

घरी जाताना परांजपे माझ्या पुढे न चालता बरोबरीने चालत होते, एवढं लक्षात आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोणालाही न विचारता टूरवाल्यांना फोन केला. गुडघ्याला पट्टा बांधून ते आम्हाला न्यायला दारात आले आणि गाडीत लोंढ्याला ड्रायव्हरच्या शेजारी बसवून स्वतः मागे, मधल्या सीटवर, गुडघे छातीशी घेऊन बसले.

*

सुवर्णाताईंनी आम्हाला ओळखलं. आम्हाला कोणी सहसा विसरत नाही.

"आलात व्हय! तरी वाटलंच, सूर्य अजून वर हाय म्हंजे तुमीच असनार. नियम ठावं हाय ना? तुमच्यात कच्चा कोन?"

या खेपेला तीन हात एकदम वर गेले. माझा, मुजावरचा आणि परांजप्यांचा!

लोंढ्याने हात वर केला नाही. तो पुढे झाला, मान फिरवून त्याने सुवर्णाताईंचा चेहरा शोधला आणि सांगितलं, "ताई, हे तिघे खोटं बोलताहेत. कच्चा मी आहे. मला फार थोडं दिसतं. गेल्या वेळीही कमीच दिसत होतं."

सुवर्णाताई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "आन् मी तुमाला शेवटाला घातलं! काई झालं असतं म्हंजे?" मग त्यांनी त्याच्या हातातली किल्ली काढून घेतली. लोंढ्याने ती मुकाट्याने दिली.

"चालवायला देत न्हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या गाडीवर मागं बसा. सगळ्यात म्होरं माझीच गाडी असती."

लोंढे वर चढून बसला. "बरंय," तो मुजावरला म्हणाला. "चार पाठींच्या जागी आता एकच."

आमची रांग लागताना थोडा घोळ झाला. मी सवयीने परांजप्यांसाठी जागा सोडून थांबलो, पण ते हलेनात. हाताने मला आणि मुजावरला पुढे जायची खूण करत राहिले. आम्ही गेलो.

*

पठारावर सुवर्णाताई आणि लोंढे आमच्या बरेच आधी पोचले. लोंढे उतरून पुढे एका सपाट खडकावर उभा होता. सुवर्णाताईंनी त्याच्या दंडाला धरलं होतं. त्याच्या पुढे काहीच नव्हतं. खाली खोरं, पलीकडे पाणी, त्याच्या पलीकडे डोंगर, आणि डोंगराच्या वर अजून चांगला हातभर सूर्य.

मी उतरलो, मुजावर उतरला. सगळ्यात शेवटी परांजपे आले. भुवया, मिशी, कान, सगळं मातीचं. ते खोकत खोकत खाली उतरले आणि खोकला थांबल्यावर म्हणाले, "लोंढे, इतकी धूळ असते?"

"असते साहेब," लोंढे मागे न बघता म्हणाला. "सवय होते."

आम्ही तिघे त्याच्या मागे उभे राहिलो. कोणी पुढे गेलं नाही. सूर्य लाल व्हायला लागला होता, आणि खोऱ्यातलं पाणीही.

लोंढे थोडा वेळ समोर बघत होता. मग त्याने सुवर्णाताईंच्या हातातून आपला दंड सोडवून घेतला आणि तो आमच्याकडे वळला.

"ऊन तोंडावर आलंय तुमच्या," तो म्हणाला. "हलू नका."

त्याने मान हळूहळू फिरवत आधी मुजावरला शोधलं. बराच वेळ बघितलं. "मुजावर, दाढी सगळी पांढरी झाली की रे."

मग मी सापडलो. "साठे, चष्मा बदललास?" चष्मा जुनाच होता. मी हो म्हटलं.

मग परांजपे. परांजप्यांनी हेल्मेट काढून काखेत धरलं, पट्टा बांधलेला गुडघा सरळ केला आणि ते ताठ उभे राहिले. मुजावरने त्यांच्या खांद्यावरची धूळ झटकायला हात पुढे केला, तो त्यांनी नुसत्या नजरेने थांबवला.

सुवर्णाताईंना राहवेना. त्यांनी लोंढ्याची बाही ओढली. "अवो काका, तिकडं काय बघताय? सूर्य हिकडं हाय! टेकला बगा डोंगराला! चालला!"

लोंढे वळला नाही. परांजप्यांवरची नजर न हलवता म्हणाला,

"आधी तिघांचं होऊ दे."